पाचाला तीन

साखर पेठेतल्या रात्रशाळेत
मी फळ्यावर अमेरिका काढते.
पूर्वेचा किनारा बरा जमतो,
मिसुरी मात्र दर वर्षी वेगळीच होते,
कधी करपलेली कडक भाकरी,
कधी काठ उसवलेला टॉवेल.
मग पट्टी धरून साडेछत्तीस अक्षांशाची रेघ.
रेघेच्या वर माणूस विकायचा नाही.
रेघेच्या खाली विकला तर चालेल.
आणि मिसुरी? ती तर वर आहे,
तरी तिला मुभा.
“का ओ बाई?” यल्लाप्पा विचारतो.
पुस्तकात दिलंय : समतोल राखण्यासाठी.

गुलाम ठेवणारं एक राज्य आत घेतलं
तर न ठेवणारंही एक घ्यायचं, सोबतच,
म्हणजे दोन्हीकडची मतं सारखी.
“म्हंजे जोडीनं की!” श्रीनिवास येमूल म्हणतो,
दिवसभर चादरींच्या घड्या घालून आलेला.
“एकटी चादर गिऱ्हाईक घेत नाय.
आन एकीला डाग असला, तर डाग आत ठेवून
घडी घालायची.”
वर्ग हसला. मीही हसले,
खडू हातात तसाच धरून.

त्याच्या आधीचा एक हिशेब होता :
पाच गुलाम म्हणजे तीन माणसं.
मत द्यायला नव्हे, मत त्यांना नव्हतंच.
मालकांच्या जागा वाढाव्यात
एवढ्यापुरतं मोजायचं.
हे समजावायला मी तास राखून ठेवला होता.
शेवटच्या बाकावरून अंबव्वा म्याकल
एकच शब्द बोलली :
“छाट.”

तिची आई हजार विड्या वळते.
कारखान्यातला माणूस सूप हलवतो,
मूठ-दीड मूठ बाजूला काढतो,
ही बारीक, ही सैल, हिचं पान फाटकं.
पैसे उरलेल्यांचे.
“छाटाच्या विड्या फेकत नायत बाई,
त्या बी ओढतंय कोणतरी.”
तास उरला. मी पुढचा धडा काढला नाही.

यल्लाप्पा नकाशाकडेच बघत होता.
त्याचा आजा सेटलमेंटातला, तारेच्या आतला.
दिवसातून तीनदा हजेरी,
गिरणीत जायचं तर दाखला,
पोरगी द्यायची तर साहेबाला विचारून.
देश सुटला त्या रात्री
तारेपलीकडे फटाके वाजले म्हणे.
तार अजून काही वर्षं राहिली.
“आजा म्हनायचा, घाई होती त्यांना.
तुमचं नंतर बघू म्हनले.”
नंतर हे गाव
कुठल्या अक्षांशावर येतं,
मला सांगता आलं नाही.

सहामाहीला प्रश्न तिसरा :
मिसुरी तडजोडीचे महत्त्व स्पष्ट करा. गुण पाच.
नमुना उत्तर : संघराज्य टिकले.
तीस वर्षे शांतता नांदली.

यल्लाप्पानं लिहिलं होतं, तिरक्या अक्षरात, खाडाखोड करून :
शांतता कुणाला होती ते पुस्तकात नाही.
रेघ ओढली तेव्हा त्या खोलीत
विकलं जाणारं कुणी नव्हतं.
असतं तर तडजोड झाली नसती.
म्हणून नव्हतं.

दोनदा वाचलं. चहा केला. परत वाचलं.
पूर्ण द्यावेत तर मुख्याध्यापक विचारणार,
उत्तर नमुन्याशी कुठं जुळतंय?
शून्य द्यायला हात होईना.
त्याचंही राहावं, माझंही राहावं,
म्हणून तीन दिले.
गुणांच्या खाली सही केली,
पेनाला टोपण लावलं,
आणि मग ते दिसलं,
माझ्याच लाल शाईत :
पाचाला तीन.

टोपण काढायला हवं होतं.
पेपर गठ्ठ्यात गेला.

सोमवारी फळा ओल्या फडक्यानं पुसला.
किनारा गेला, मिसुरी गेली.
फळा वाळला तशी रेघ परत वर आली,
पट्टीला दाबून ओढलेली.
तिच्या वरच्या बाजूला मी तारीख घातली
आणि हजेरी घेऊ लागले.
यल्लाप्पाचं नाव आलं.
तो हजर म्हणाला नाही.
नुसता हात वर केला,
आणि मी दुसरं नाव घेईपर्यंत
खाली आणला नाही.