झडपा

शनिवारी सहाला दुपारपाळी सुटते,
खोपकर शिपाई जिना झाडून घेतात
आणि मग आमची पाळी. संस्थेचं नावच ‘तिसरी घंटा’.
देणगीदारांना वाटतं नाटकाची मंडळी आहे.
वाटू दे. चेक येतो.

देवनार. दुसरा मजला, खोली चौदा.
बाकं चौथीच्या मुलांची,
अकरावीतले गुडघे त्यात मावत नाहीत.
खिडकीबाहेर घारी. कत्तलखान्यावरून डंपिंगवर,
डंपिंगवरून कत्तलखान्यावर,
मधेच एखादी झडप घालते.

मी परळला एकतीस वर्षं रक्त मोजलं.
थेंब काचेवर ओढायचा, पेशी मोजायच्या,
आकडा लिहायचा, पुढची नळी.
माणूस कधी पाहिला नाही. नंबर पाहिला.
इथं शिकवायला म्हणून आले
तर पहिल्याच दिवशी संघदीप वाकोडेनं विचारलं,
मॅडम, मोजताना चुकलं तर कोण मरतं?
मी म्हटलं, फळा पूस.

हृदयाचा धडा होता. पुस्तकातलं हृदय
निळं-लाल, स्वच्छ, बाणांचं.
मागच्या बाकावरून नौशीन कुरेशी म्हणाली,
ऐसा नहीं होता.
पुढच्या शनिवारी तिनं स्टीलच्या डब्यातून
सहा हृदयं आणली, बकऱ्याची,
पाण्यातून काढलेली, चरबी पुसलेली.
अब्बांचं दुकान. पैसे विचारले
तर डबा मागे ओढला.

तिनं वरून पाणी सोडलं, मूठ दाबली,
आत दोन पाकळ्या फुगून मिटल्या.
मग सुरी. माझ्या हातात ती थरथरली, तिच्या नाही.
डावी भिंत जाड, तिथून उघडलं.
पांढऱ्या दोऱ्यांनी ताणलेली, सायीइतकी पातळ
द्विदल झडप.
‘एकाच बाजूला उघडते,’ मी म्हटलं, ‘गेलेलं परत येत नाही.’
‘आलं तर?’
‘तर ती गळकी. छातीला नळी लावली की फुसफुस ऐकू येते.’
तिनं वहीत काहीच लिहिलं नाही.

शिष्यवृत्तीच्या अर्जात एक चौकट असते:
वैद्यकीय क्षेत्र का निवडलं? शंभर शब्द.
तिथं काय खपतं ते मुलांना बरोबर कळतं.
खोकणारा काका, गळणारं छप्पर.
संघदीपनं तर एक बहीणच मारली होती,
जी त्याला नाहीच.
मी सगळं खोडलं. म्हटलं, कामाचं लिहा.
नौशीननं एक ओळ लिहिली:
माझा हात कापत नाही.
मला हसू आलं. खाटकाच्या मुलीनं असं लिहावं!

अर्ज नामंजूर झाला.
पैसे पुढच्या वर्षी दुसरीकडून मिळाले,
परीक्षेतही ती दुसऱ्या खेपेला निघाली.
आता नंदुरबारला असते. फोन कमी करते.

डबा मात्र येतो.
परवा तो घेऊन अब्बा स्वतःच आले.
चपला दाराबाहेर काढल्या.
मुलं हृदयं उघडत होती, बघत राहिले.
म्हणाले, ‘मॅडम, इसमें वो दरवाजा कौनसा,
जो नौशीन की अम्मी का बंद नहीं होता था?’

नऊ वर्षं झाली म्हणे. परळलाच.
तेव्हा मी तळमजल्यावर होते, नळ्या मोजत.

शंभर शब्दांची जागा होती
आणि तिनं हे लिहिलं नाही.
मीच सांगितलं होतं, कामाचं लिहा.

मी त्यांचं बोट धरलं,
हजारो हृदयं उपटलेलं, नखाशी फाटलेलं,
आणि दोऱ्यांमधून आत नेलं.
‘हा.’
ते बराच वेळ तसेच उभे.
संघदीप पाणी सोडून दाखवायला उठला,
मी मानेनंच नको म्हटलं.

सोमवारी सकाळी इथं चौथीची मुलं बसतात.
फिनेलनं दोनदा पुसलं तरी बाकाला वास राहतो.
खोपकर कुरकुरतात, पोरं विचारतात, कसला वास?
मग तुम्ही काय सांगता?
‘सायन्स,’ म्हणाले, आणि दिवा घालवला.