चाकं खाली

खोक्यावरचं विमान समुद्रावरून चाललंय,
लाटेला पोट घासेल इतकं खाली.
चित्रकारानं आभाळ निळं काढलंय.
मे महिन्यात, आमच्याकडे? असो.
रिओ गायेगोसचं आभाळ त्याला कुणी दाखवलं नसणार.

आत राखाडी चौकटींत अडकलेले एक्क्याऐंशी भाग
आणि समोर ओर्नेला, माझी नात, वय अकरा.
म्हणते, आजोबा, आधी धुवायचे असतात,
साच्याचं तेल असतं, रंग धरत नाही.
अठ्ठावीस वर्षं विमानं धुतली मी, बाई.
कोमट पाणी, साबण, जुना दातांचा ब्रश.
वारा खिडकीच्या फटीत बोट घालून बसलेला,
आणि आतून नेलिदा,
की थिनरचा वास एम्पानादांना लागेल.

वैमानिक पेराएवढा. हात मांडीवर,
शाळेच्या फोटोला बसवतात तसा.
ओर्नेलानं त्याला पांढरं हेल्मेट दिलं.
डोळे नाही दिले.
एवढ्या लहानाला डोळे दिसत नाहीत, म्हणाली.

पंखावरचा पिवळा पट्टा ती टेप लावून रंगवणार होती,
सुरीनं कापल्यासारखा.
मी टेप काढून टाकली.
आम्ही तो एका रात्रीत फासला होता, बादलीतून,
बोटं बधिर, ब्रशचे केस रंगात तसेच राहिलेले.
स्पर्धेत गुण जातील, ती म्हणाली.
जाऊ देत.

मग टूथपिकच्या टोकावर काळपट तपकिरी थेंब.
इथून गळायचं. डाव्या अंगाला,
झाकणाच्या तिसऱ्या स्क्रूपाशी.
तीनदा आवळला, शेवटी बदलला,
तरी गळायचंच.
लेफ्टनंट ओतेगी म्हणायचा,
गळतंय ना, म्हणजे आत तेल आहे.

आकडे पाण्यात सोडले की
दुधावरच्या सायीसारखे सुटतात,
फुंकरही नको.
कागदावर दोन विमानांचे आकडे होते,
आमचं त्यात नव्हतं.
ब्लेडनं एक कापला,
त्याच्या डोक्यावर आडवा तुकडा,
झाला सात.
श्वास धरून बसवला. जरा तिरका बसला.

चौदावी पायरी विचारते: अ की ब?
अ, चाकं आत, दारं बंद,
काचेच्या दांडीवर उडणारं.
ब, चाकं खाली.
उडू दे ना, ओर्नेला म्हणाली.
मी ब वर खूण केली.
ती का म्हणाली,
आणि मला वाटलं होतं त्याहून सोपं निघालं उत्तर:
उडताना मी त्याला पाहिलंच नाही.
धावपट्टीच्या टोकाला वळेपर्यंत पाहिलं,
पुढचं माझं नाही.

उरलेली चौकट मेणबत्तीवर धरून ओढली
की तिचा केस होतो.
त्या केसांची शिडी केली, सात पायऱ्यांची.
सूचनापत्रात शिडी नाही.
शिडी काढणारा मीच होतो.
तो वरून काहीतरी म्हणाला,
इंजिनात ऐकू आलं नाही,
मी अंगठा दाखवला.
बेचाळीस वर्षं त्या वाक्यात
काय काय भरून पाहिलं.
बहुधा थंडीबद्दल असेल.

आता ते कपाटावर उभं आहे, काच उघडी, शिडी लावलेली.
वैमानिक आत ठेवलाय, चिकटवला नाही.
ओर्नेलाच्या ते लक्षात आलंय,
बोलली नाही.

एक सांगायचं राहिलं.
नाकात पाच ग्रॅम वजन घाला म्हणतात,
नाहीतर शेपटीवर बसतं.
मी एक जुना स्क्रू घातला,
डबीतला, गंजलेला.
वजनकाट्यावर सहा भरला.
विमान उचललं तर किंचित वाजतो.