फर्निचर, जुने, एक नग

कागदावर आम्ही असंच लिहिलं होतं.
सांगलीहून निघालेला ऑर्गन
बहारीनच्या बंदरात अकरा दिवस
कांद्याच्या पोत्यांशेजारी उभा.
कस्टमचा पोरगेला अधिकारी झाकण उघडून म्हणाला,
फर्निचरला दात कसे?
मग म्हणाला, वाजव.

मला वाजवता येत नाही. मी प्रॉम्प्टर.
पण दोन्ही पायांनी भाता मारत
एका बोटाने नांदीची पहिली ओळ काढली,
चौथ्या सुरावर चुकलो.
त्याने शिक्का मारला.

तालमी गुरुवारी रात्री, खांडेपारकरांच्या हॉलमध्ये.
सोफे बाल्कनीत, चपला लिफ्टपर्यंत.
राजा सित्राच्या रिफायनरीत पाळीवर,
सेनापती एसी दुरुस्त करतो,
विदूषक बँकेत, म्हणून कायम उशिरा.
तबल्यावर मुलतानचा नसीर, इलेक्ट्रिशियन.
मराठीतले दोनच शब्द त्याला येत: चहा, आणि पुन्हा.
पण समेवर तो असा मान वर करायचा
की वाटावं, पदाचा अर्थ आमच्याआधी
यालाच लागला.

नायिका घैसास. वय एकोणसाठ, हिशेबनीस.
जुन्या संगीत नाटकाचा रिवाज पाळतोय, असं जाहिरातीत.
खरं म्हणजे गाणारी बाई मिळाली होती,
तिच्या नवऱ्याची दम्मामला बदली झाली.

इशाची अजान झाली की आम्ही थांबायचो.
शेजारच्या मशिदीतला आवाज म्हातारा, स्वच्छ.
घैसास डोळे मिटून बसायचे.
एकदा म्हणाले, हा माणूस बघा, ताणत नाही.
आपण कुणासाठी ताणतोय?
काळी दोन सोडा. पांढरी दोन घ्या.

प्रयोगाला नऊ दिवस असताना कंपनीचं पत्र आलं.
व्हिसा शनिवारपर्यंत. प्रयोग शुक्रवारी.
विमान रात्री एक पन्नासचं.
घैसासांनी पत्राची घडी संहितेत खुणेला घातली,
तिसरा अंक, पान एकाहत्तर,
आणि दुसऱ्या दिवशी मिशी काढून आले.
तीस वर्षांची. रंगवलेली.
खालचा ओठ एकटा पडल्यासारखा दिसत होता.

शाळेचा हॉल दहापर्यंतच.
पाच अंकांचे तीन केले, तरी तिसऱ्यात पावणेदहा.
वॉचमन दाराशी, हातात किल्ल्यांचा जुडगा.
नऊवारीतले घैसास निरोपाचं पद गायले,
नथ जराशी हलत होती, बाकी काही नाही.
मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं: वन्समोर!
मग सगळाच हॉल.

घैसासांनी विंगेत माझ्याकडे पाहिलं.
अशा वेळचं वाक्य माझ्या वहीत नव्हतं.
मी घड्याळ दाखवलं.
तेवढ्यात खालून नसीर,
आपल्या दोनांपैकी एक शब्द, अगदी हळू:
पुन्हा.

दुसऱ्यांदा गायले ते कमी गायले.
एक तान सुरू करून सोडून दिली,
दिवा तसाच ठेवून कुणी खोलीबाहेर जावं तशी.
वॉचमनने जुडगा मुठीत दाबून धरला,
वाजू नये म्हणून.

मुहर्रकच्या पुलावर, गाडीत,
मी खोबरेल देत होतो, ते रंग पुसत होते.
काजळ निघेना.
पासपोर्टवाल्याने फोटो पाहिला, चेहरा पाहिला,
पुन्हा फोटो.
बोटाने स्वतःच्या ओठावर रेघ ओढून विचारलं: कुठे गेली?
घैसास अरबीत काहीतरी म्हणाले.
काचेपलीकडे दोघं हसताना दिसले, मग शिक्का,
मग त्यांची पाठ.
कानामागे गुलाबी रंगाचा एक पट्टा राहिला होता,
तो माझ्या नजरेतून सुटला होता.

ऑर्गन आता माझ्या स्वयंपाकघरात.
दमट हवेने कोमल निषाद चिकटलाय;
दाबला की नुसता वारा येतो.
मुलगी त्यावर वह्या पसरून गणितं सोडवते.
कस्टमला खोटं सांगितलं नव्हतं, एवढंच.

परवा घैसासांचा फोन आला, मिरजेहून.
आवाज बरा होता. काय विचारावं सुचेना,
म्हणून विचारलं, मिशी आली का?
आली, म्हणाले.
पांढरी.