थोडेच घाल

पहाटे चौकात नरकासुर जळाला
तेव्हा मी सहावा नारळ खवत होते.
धुराचा वास खिडकीतून आत आला,
रोसात उतरू नये म्हणून
पातेल्यावर ताट ठेवलं.

तुळशीपाशी अंगठ्याखाली कारीट फुटलं,
कडू बी जिभेला लावून झाली,
आणि माशेलातली आमची दिवाळी सुरू:
दुधातले फोव, ताकातले, रोसातले,
गुळाचे, फोडणीचे,
वर काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबाड्यांचं सासव.
सासव माझ्या माहेरचं. सासूला कधी आवडलं नाही.
तरी तिच्या फोटोपुढच्या पानावर
मी दरवर्षी चमचाभर घालतेच.

ताटल्या घरात चौदा.
मागल्या दारी बादलीपाशी नवरा बसतो,
बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला,
एक हातात येते न येते तोच विसळून पुढे सरकवतो.
लोक विचारतात, भाई कुठे?
मी सांगते, पूजेत.

सातला पोरं आली.
साईल, वेदांग आणि पंचांचा धाकटा,
डोळे तांबारलेले, केसांत राख.
आठ रात्री जागून बांधला तो तीन मिनिटांत गेला,
बक्षीस मिळालं ते दुसरं,
परीक्षक पहिल्या वाल्यांचा मावसा निघाला म्हणे.
बोलता बोलता वेदांग
फोडणीच्या फोवांवर झोपलाच.
त्याच्या हातातली ताटली हळूच काढून घेतली,
बाहेर तिघं ताटकळली होती.

मग क्लॉथिल्डा, फुलाफुलांच्या फ्रॉकात.
नाताळात तिने दोदोल धाडला त्या बशीत
मी चवथीला नेवऱ्या घालून दिल्या,
आज ती बशी केळी घेऊन आली.
वीस वर्षं ती एकटीच रस्ता ओलांडते आहे,
मुळात कुणाची
ते आता दोघींनाही आठवत नाही.

या दिवशी भुकेला असा कुणी येतच नाही.
पोटात आधीची पाच घरं असतात
आणि पुढच्या सहांसाठी राखलेली जागा.
"थोडेच घाल गो."
मी चमचा पुढे नेते,
ते ताटलीवर पंजा धरतात,
या झटापटीलाच आम्ही पाहुणचार म्हणतो.

दहाला फाटक वाजलं. सगुण खांडेपारकर.
शेजारी. दोन हजार अकरापासून
आमची-त्याची केस चालू आहे
कुंपणातल्या दीड मीटरवरून.
तरी दरवर्षी येतो,
खुर्चीच्या काठावर बसतो,
रोसातले दोन घास, पाणी, नमस्कार.
केस वेगळी, फोव वेगळे.

यंदा तो मागे टेकून बसला.
बायको शारजाला, लेकीच्या बाळंतपणाला,
असं कॅलेंडरकडे बघत म्हणाला.
दुधातले संपवले. ताकातले संपवले.
मी वाढत गेले
आणि त्याचा हात आड आला नाही.
सासव तर बोटाने पुसून घेतलं.
आतून नवरा खुणावत होता: ताटली, ताटली!
मी मधलं दार लोटून घेतलं.

सकाळपासून तीसेक माणसं खाऊन गेली होती.
आत्ता कुठे वाटलं,
आपण कुणाला तरी जेवू घातलं.

उठताना म्हणाला, "सोळाला तारीख आहे."
"माहीत आहे," म्हटलं,
आणि उरलेले गुळाचे डब्यात भरून दिले.

डबा सोळाला परत मिळाला,
फोंड्याला, कोर्टाच्या जिन्यात,
दोघांचे वकील वर यायच्या आत.
रिकामा देऊ नये एवढं त्यालाही कळतं.
आत सात लिंबं होती,
त्याच दीड मीटरातल्या झाडाची.

पुढची तारीख फेब्रुवारीची पडली.
वकिलाला काही विचारलं नाही.
घरी येऊन
लोणचं घातलं.