प्रश्न क्रमांक चार

एकोणीस वर्षं मी काउंटरच्या या बाजूला.
डंडी शहर, खाली रुंद नदी, तिच्यावरून येणारा वारा
आणि दर ऑक्टोबरात तोच फॉर्म,
फिकट हिरवा, आठ पानी:
घर उबदार ठेवण्यासाठी साहाय्य हवे असल्यास.

प्रश्न क्रमांक चार,
"आपणांस थंडीचा त्रास होतो काय?"
समोरच्या चौकटीत
थरथरत्या पण वळणदार अक्षरात
बहुतेक म्हातारी माणसं लिहायची: नाही.
नाही, म्हणजे मदत नाही.
मी शिक्का मारायचो.
शिक्क्याचं काय जातं.

मागच्या वर्षी तिघं आली,
डिझाइनच्या शाळेतून नुकती सुटलेली:
एली, रोरी, आणि सुमैरा,
जिच्या आजोबांचं कोपऱ्यावर किराणा दुकान होतं.
आधी त्यांनी एक ॲप आणलं.
त्यात कुडकुडणारा पेंग्विन होता.

नेटा गौर्लीनं तो डोळ्यांशी धरून पाहिला.
वय एक्याऐंशी. पंधराव्या वर्षी तागाच्या गिरणीत लागलेली,
मागांच्या खडखडाटात कान गेले,
तेव्हापासून समोरच्याचे ओठ वाचते.
"गोंडस आहे," म्हणाली, "पण हा खातो काय?"

पेंग्विन गेला.
कुणी रडलं नाही. रोरी थोडासा.

मग तिघं नुसती बसून राहिली
प्रतीक्षालयातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, तीन आठवडे.
मला वाटलं, यांना पैसे कशाचे मिळतात?
एली वहीत टिपत होती
पेन कुठे थांबतं ते.
नावापाशी नाही. जन्मतारखेपाशी नाही.
चारपाशी थांबतं, कागदावरून उचललं जातं,
माणूस खिडकीबाहेर बघतं,
शेजारच्या खुर्चीकडे बघतं,
मग लिहितं.

सुमैरा नेटासमोर बसली,
ओठ दिसतील अशी, उजेडाकडे तोंड करून.
"खरंच त्रास होत नाही?"
"त्रास?" नेटा म्हणाली.
"त्रास माझ्या आईला होता. सहा पोरं, एक खोली.
मला कसला आलाय?
ओव्हनचं दार उघडं टाकायचं, कोट घालायचा,
गरम पाण्याची पिशवी पोटाशी,
की झालं. पुढची खोली
मी नाताळानंतर उघडतच नाही."

आता एलीचं पेन थांबलं.

नवा फॉर्म दोन पानी. अक्षर मोठं, काळंभोर.
रंगावरून किती भांडणं झाली ते सांगत बसत नाही.
प्रश्न क्रमांक चार:
मागच्या हिवाळ्यात घरात कोट घालून बसलात का?
एखादी खोली बंद ठेवलीत का?
ओव्हनसमोर बसलात का?
त्रास हा शब्द कुठेच नाही.

साहेबांनी कागद उलटसुलट केला.
"यात डिझाइन कुठंय?"
"काढून टाकलंय," रोरी म्हणाला.
साहेबांना तो विनोद वाटला.

नोव्हेंबरात फॉर्म येऊ लागले.
हो. हो. हो.
नेटानं तिन्ही चौकटींत खुणा केल्या,
आणि समासात, वळणदार अक्षरात:
"पण तक्रार नाही."

सगळं गोड झालं असं नाही.
जानेवारीतच पैसे संपले,
वरून पत्र आलं, अर्ज अनपेक्षितपणे वाढले आहेत.
जसं काही थंडीच यंदा नवी आली होती.
एली आता दुसऱ्या शहरात
बिस्किटांच्या पुड्यांची वेष्टणं करते.
घरभाडं कुणाला चुकलंय.

एक फॉर्म मी घरी नेला होता,
छपाईच्या चुका बघायला.
जेवणाच्या टेबलावर पसरला, चष्मा पुसला,
एक, दोन, तीन ठीक.
चारपाशी आलो,
पेन काढायला खिशात हात घातला,
तर खिसा
कोटाचा.