धावदोरा

वर खुर्च्या सरकतात
आणि माझ्या छतातून चुना गळतो, चिमूटभर,
इस्त्रीच्या टेबलावर.
म्हणजे सभा अजून चालू आहे.

खाली मी, सुई,
आणि मुख्य प्रशिक्षकाचं काळं जॅकेट.
आमच्याकडे प्रत्येकाच्या छातीवर, डाव्या बाजूला,
नावाची दोन अक्षरं लागतात.
माणूस ठरला की मी शिवायची,
गेला की मीच उसवायची.
एकोणतीस वर्षांत सतरा जण.
क्लब गरीब. जॅकेट तेच.

पूर्वी घट्ट टीप मारायचे.
आता धावदोरा घालते, मागे गाठ मारत नाही.
टोक ओढलं की अक्षर सुटून येतं.

सोमवारी एल्बिओ स्वतःच आला,
जॅकेटची घडी घालून.
एक बाही उलटीच राहिली होती.
चार-शून्य हरल्यावर माणूस बाह्या बघत नाही.
खिशात शिट्टी निघाली
आणि एक कागद: अकरा वर्तुळं,
दहाव्यावर प्रश्नचिन्ह,
खोडलेलं, परत काढलेलं.
फेकवेना. खणात ठेवला.

आज तिघे येऊन गेले.

पहिला माँटेव्हिडिओहून, लॅपटॉपवाला.
पोरं किती पळतात, किती झोपतात,
सगळं त्याच्या आलेखात.
वाईट नव्हता.
बूट फार स्वच्छ होते, एवढंच.

दुसरा घरचाच, ओरिबे कास्केता.
अठ्ठ्याण्णव साली याच्या डोक्याला लागून
चेंडू आत गेला आणि आम्ही वरच्या गटात चढलो,
एका वर्षासाठी.
गुडघ्याला बाशिंग बांधूनच आला.
रखवालदाराला मिठी, मला मिठी,
जिन्यातल्या स्वतःच्या फोटोलाही
मारता मारता राहिला.

तिसरा उशिरा, बसने, बगलेत थर्मास.
वॉशिंग्टन तेचेरा.
वर जायच्या आधी मैदानात गेला,
उत्तरेकडच्या गोलापाशी वाकला
आणि माती बोटाने टोचून पाहिली.
नदी फुगली की तिथलं पाणी
आठवडाभर हटत नाही.
हे कुणी पाहुण्याला सांगत नाही.
मी खिडकीतून बघितलं
आणि मनातल्या मनात त्याचं अक्षर शिवायला घेतलं.

वर आवाज चढले. खजिनदाराचा जास्त.
फाटकाशी पोरांनी ढोल बडवायला घेतला,
कास्केता, कास्केता,
यातल्या निम्म्यांचा जन्मही नव्हता तेव्हा.
मग चुना गळायचा थांबला.

जिन्यावरून खजिनदार ओरडला,
"निदिया! ओ! का!"
मी कुठे विचारलं होतं, का.

पांढरा दोरा ओवला.
ओ सोपा गेला. जुन्या एका ओची भोकं होतीच,
गोलाकार, मुंग्यांच्या रांगेसारखी,
सुई आपोआप त्यांतून चालली.
त्या ओचं पूर्ण नाव आठवेना.
चेहरा आठवला. दात दुखायचे त्याचे.

संध्याकाळी फोटोवाले गेल्यावर
कास्केता एकटाच खाली आला.
या वेळी मिठी नाही.
जॅकेट चढवलं, पोटाशी जरा ताणलं गेलं.
बोटं छातीवर, कापड चाचपत.
"इथे किती जण होऊन गेले?"
"कापड चांगलं आहे," मी म्हटलं.

हसला नाही.
इस्त्री गार होईपर्यंत उभा राहिला, मग विचारलं,
"उत्तरेकडच्या गोलासमोर
पाणी अजून साचतं का गं?"

मी खण उघडला. एल्बिओचा कागद दिला.
दहाव्या वर्तुळाशी तो बराच वेळ अडकला,
ओठ हलत होते, कोणती तरी नावं घेत असावा.
घडी घालून कागद खिशात ठेवला,
त्याच खिशात.

दारातून वळून म्हणाला,
"निदिया, इथे दोऱ्याचं टोक लोंबतंय."

लोंबू दे, म्हटलं.