चावीवाल्याचे दगड

एकतीस वर्षं पर्वतीखालच्या लायनीवर
चावी फिरवली मी.
पहाटे पावणेपाचला. लोखंडी,
माझ्या छातीएवढी उंच.
बारा आटे उघडले की सहकारनगर,
सात आटे की टेकडीवरची आळी.
आता त्याच वेळेला जाग येते
आणि हाताला काम नसतं.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात
हौसाला शेवंती हवी होती.
मी अडकलो कोपऱ्यातल्या एका टेबलाशी.
तिथे एक पोरगी कुंडीत खडे विकत होती.
चक्क खडे. करडे, तपकिरी,
भिजलेल्या वाटाण्यासारखे मधोमध चिरलेले.
"लिथॉप्स, काका. जिवंत आहेत.
तीन भाग बारीक खडी, एक भाग माती.
सकाळचं ऊन चालेल, दुपारचं नको.
आणि पाणी..." ती जरा थांबली.
"पाण्याचं तेवढं विसरा."

विसरा!
हे मला सांगत होती.

तीन आणले. दीडशेला एक.
हौसा म्हणाली, मुठेच्या पात्रात फुकट मिळतात.

फेब्रुवारीत पहिला गेला.
सुरकुतला होता जरासा,
धुण्यात फार वेळ राहिलेल्या बोटासारखा.
मला राहवलं नाही. पावणेपाचचीच वेळ.
फुलपात्रभर घातलं.
तिसऱ्या दिवशी गालाला चीर पडली,
पाचव्या दिवशी बोट लावलं
तर आत नुसता गाळ.

कार्डावर नंबर होता, सुलक्षणा गायधनी.
फोनवर ती रागावली नाही.
म्हणाली, ती तहान नव्हती, काका.
जुनी पानं आतल्या नव्या जोडीला
आपलं पाणी पाजत होती.
आपण मध्ये पडलो की दोन्ही जातात.

मी मध्ये पडलो नाही.
फुलपात्र फळीवर उपडं ठेवलं.
चैत्रात उरलेल्या दोघांची जुनी पानं
कांद्याच्या सालीइतकी पातळ झाली
आणि आत काटकोनात वळून
नवी जोडी बसलेली, टणक, कोरी.
मी काहीच केलं नव्हतं.
एवढं अवघड काम नोकरीतही पडलं नव्हतं.

आषाढात ग्रिलला प्लॅस्टिक बांधलं.
जिन्यात बर्गे म्हणाले, "काय, दगडांना छत्री?"
म्हटलं, "सोसायटीची गच्ची गळते,
तिला मिळाली का?"

लतीफ जमादार आला होता परवा,
आमच्याच खात्यातला, फिटर.
त्याला कुंडी दाखवली, सगळं सांगितलं,
कसं मागत नाही, कसं स्वतःचंच पिऊन राहतं.
चहा निवेपर्यंत तो बघत राहिला.
मग म्हणाला,
"वरच्या आळीतली सोजर आठवते?
शेवटच्या नळाची?"

आठवते.
बाकीच्या हंडे आपटत यायच्या ऑफिसवर,
ती यायची नाही.
सात आट्यांत तिच्या नळाला
नुसती हवा यायची, सूंऽ करून.
आम्ही म्हणायचो, बाई सोशिक आहे, भागवते.
रजिस्टरमध्ये तिची तक्रार एकही नाही.

आठ उघडता आले असते. नऊसुद्धा.
झाड सुरकुतलं तर थांबायचं असतं,
हे मला आत्ता कळलं.
बाई गप्प राहिली तर थांबायचं नसतं,
हे तेव्हाही कळत होतं.
लतीफ काही बोलला नाही.
चहा न पिताच गेला.

आणि आज, डब्यात शेवटच्या दोन चकल्या उरल्यात,
एका चिरेतून पिवळं काहीतरी वर आलंय.
तीनला उघडलं. पाचला मिटेल म्हणे.
हौसा कुंकवाची डबी घेऊन आली.
मी हात धरला, "शेंदूर फासू नकोस त्याला."
"माझ्या कपाळाला लावतेय," ती म्हणाली,
"तुमच्या दगडाला कोण विचारतंय?"
पण बघत उभी राहिली.

फुलाच्या दिवसांत पाणी चालतं,
पंधरवड्यातून एकदा, कडेकडेनं.
एक चमचा घातला.
खडीत तो कुठे गेला ते दिसलंही नाही.
दुसरा चमचा हातात भरलेला,
आणि मी मनात आटे मोजतोय.